गीताबाईच्या हातचा येसर

बहात्तरच्या दुष्काळात पाचोडजवळच्या तलावाच्या कामावर दोन बाया शेजारी बसून खडी फोडायच्या. एक बानाबाई. तिच्या सासरची मेंढरं चाऱ्यावाचून गेली होती आणि पिढ्यान् पिढ्या रानोमाळ फिरलेलं घर हातोडा घेऊन एका जागी बसलं होतं. दुसरी गीताबाई, शेजारच्या गावच्या बौद्धवाड्यातली. पहिल्याच दिवशी बानाबाईचं बोट हातोड्याखाली चेचलं. मुकादम ओरडायच्या आत गीताबाईनं आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बोट बांधलं आणि म्हणाली, "रडू नको. दगड असा धर, आडवा. त्याला त्याची शीर असती."

पुढं पाऊस झाला, काम बंद पडलं, आणि दोघींचे नवरे औरंगाबादला चिकलठाण्याच्या कारखान्यांत लागले. बानाबाईचा त्रिंबक मशीनवर, गीताबाईचा बन्सी हमालीवर. मुकुंदवाडीत एकाच चाळीत दोन्ही बिऱ्हाडं आली ती योगायोगानं नव्हे. गीताबाईनंच खोली हेरून ठेवली होती. "बाने, तू हितंच ये. परक्या मुलखात एक तरी तोंड वळखीचं असावं," म्हणाली.

त्या काळात चिकलठाण्यात दर महिन्याला एखादं नवं शेड उभं राही. पैठण, अंबड, गेवराईकडची माणसं एकेका खोलीत आठ-आठ जण राहायची आणि खानावळीतलं पांचट वरण गिळून पाळीला जायची. असाच एकजण एकदा त्रिंबकसोबत जेवायला आला. बानाबाईनं येसराची आमटी केली होती. भाकरी कुस्करून त्यानं पहिला घास घेतला आणि ताटावर मान घालून बसून राहिला. "लई दिवसांनी गावाकडं गेल्यासारखं झालं, वैनी," एवढंच बोलला.

तो येसर, म्हणजे आमटीत घालायचा तो भाजक्या पिठाचा मसाला, गीताबाईनं भाजलेला होता. हरभऱ्याची डाळ, गहू, ज्वारी, धने, खोबरं, मिरची हे सगळ्यांकडंच असतं. पण गीताबाई नाकावर भाजायची. धन्यांचा वास कोणत्या क्षणी फिरतो हे तिला कळायचं, आणि त्या क्षणाला ती तवा उतरवायचीच, मग शेजारीण काही का सांगत असेना. कांडायला बानाबाई. तिच्या मनगटात मेंढपाळणीचं बळ होतं. दोघींनी कागदाच्या पुड्या बांधल्या, त्रिंबकनं त्या गेटवर पाळी सुटताना विकल्या. वर्षभरात गुलमंडीतला एक शेठ पुड्या ठेवू लागला. बानाबाईचे थोरले दीर कडुबा गावाहून येऊन या कामात पडले. पुडीवर नाव छापायची वेळ आली तेव्हा त्यांनी 'बानाबाईचा येसर' असं छापून आणलं. गीताबाई हसली. "बरं दिसतंय," म्हणाली. बानाबाईला मनातून वाटलं होतं की दोघींचं नाव घालावं. ती बोलली नाही. तेव्हा ती गोष्ट लहान वाटली.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेर मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मुलूख पेटला. एस्ट्या बंद पडल्या. गावोगाव वस्त्यांवर जाळपोळ झाल्याच्या बातम्या येत होत्या, काही खऱ्या, काही खऱ्यापेक्षा कमी. चाळीत लोक दारं लोटून बसायचे. काल एका नळावर भांडणारी माणसं एकमेकांकडं न बघता पाणी भरू लागली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळी कडुबा शेठला घेऊन खोलीवर आले. शेठचा चेहरा उतरला होता. दुकानातून पुड्या परत येत होत्या. गिऱ्हाईक विचारत होतं, कांडतंय कोण, भाजतंय कोण.

"मला काही नाय हो," शेठ म्हणाला. "पण मी दुकान लावून बसलोय. लोकांना सांगायला एक शब्द पाहिजे."

कडुबा म्हणाले, "आमच्या घरच्या बायाच करत्यात. इचारा तिलाच."

तेवढ्यात गीताबाई दारात आली. केस विस्कटलेले, पायांत चप्पल नाही. कामाला आली असेल असंच बानाबाईला वाटलं. शेठनं तिच्याकडं पाहिलं, मग बानाबाईकडं.

"हिचा हात लागतो का येसराला?"

बानाबाईनं दिराकडं पाहिलं. त्रिंबक भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता. बाहेर कुणीतरी खाकरलं.

"नाय," बानाबाई म्हणाली.

गीताबाई उंबऱ्याबाहेर होती तिथूनच वळली आणि गेली. बानाबाई उठायला लागली, तर कडुबा म्हणाले, "बस. चार दिवसांनी निवलं की समजाव तिला." बानाबाई बसली. दुसऱ्या दिवशी गीताबाईच्या खोलीला कुलूप होतं. चौथ्या दिवशी बन्सी येऊन भांडी घेऊन गेला. त्यानं बानाबाईकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढचं सगळं चढतं होतं. कांडपाचं मशीन आलं. भाजायला बायका ठेवल्या, पण त्या घड्याळावर भाजायच्या. वाळूजला नवी औद्योगिक वसाहत झाली तेव्हा तिथं प्लॉट मिळाला. थोरला मुलगा मुंजाबा शिकून कारभारात आला. मराठवाड्याची माणसं पोटासाठी भोसरीला गेली, सुरतेला गेली, आणि त्यांच्यामागं पाकिटं गेली. पाकिटावर मुंजाबानं एक ओळ छापली : 'गावाकडच्या आईच्या हातची चव.' शेजारी पदर घेतलेल्या बानाबाईचा फोटो. माणसं तो फोटो बघून रस्त्यात तिच्या पाया पडायची. ती पाय मागं घ्यायची.

त्रिंबक एक्याण्णव साली गेला. मरायच्या आधी दवाखान्यात त्यानं एकदा विचारलं, "ती बाई कुठं असती गं?" कोण बाई, असं बानाबाईनं विचारलं नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार होऊन बाबासाहेबांचं नाव लागलं. शहरात चौकाचौकात पोलीस होते, आणि विद्यापीठाच्या बाजूला लोक गुलाल लावून नाचत होते. पंधरा दिवसांनी बानाबाई एकटी रिक्षात बसून भावसिंगपुऱ्यात गेली; गीताबाई तिकडं असते असं तिच्या कानावर आलं होतं. विचारत विचारत एका पत्र्याच्या, पण स्वच्छ सारवलेल्या घरापाशी पोचली. गीताबाई मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची, नुकतीच परतली होती. केस पांढरे झाले होते. तिनं लगेच ओळखलं.

"या, बसा," ती म्हणाली आणि सतरंजी टाकली.

सहा वर्षांच्या सोबतीत गीताबाई तिला कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती.

"गीते, मला बाने म्हण की."

"सवय मोडली," गीताबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं चहा केला, साखर किती घालू ते विचारलं.

बानाबाईनं घरून जुळवून आणलेलं सगळं तोंडातल्या तोंडात राहिलं. शेवटी ती म्हणाली, "त्या दिवशी मी खोटं बोलले. कामावर आली व्हतीस अन् मी तुला दारातून..."

"मी कामावर नव्हते आले."

बानाबाईनं कप खाली ठेवला.

"आदल्या सांजच्याला गावात आमचा बौद्धवाडा जाळला," गीताबाई म्हणाली. "सकाळी माझा चुलतभाऊ रातभर पायी चालून आला सांगायला. माझा म्हातारा बाप घरात व्हता, त्याला चालता येत नव्हतं. बन्सी कामावर गेलेला. मला काही सुधरंना. मी अनवाणी तुमच्याकडं आले. चाळीत दुसरं व्हतं कोण मला? तुमच्यापाशी बसून रडावं, एवढंच मनात व्हतं."

चहा निवत चालला. बानाबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच. गीताबाईनं तिला रडू दिलं. जवळ सरकली नाही, उठूनही गेली नाही.

"मंग म्हाताऱ्याला तिकडंच जाऊन पाह्यलं," ती थोड्या वेळानं म्हणाली. "वळखू येत नव्हता."

बानाबाईनं हात जोडले. गीताबाईनं ते हळूच खाली केले. "असं नका करू. तुम्ही भ्याला व्हता, मला दिसलं ते. मी तुमच्यावर राग धरला नाय. पण माझं तुमच्यावरनं मन उठलं, ते काही केल्या परत बसंना. मी काय करू?"

त्यानंतर बानाबाई महिन्या-दोन महिन्यांनी जायची. गीताबाई चहा द्यायची, गुडघ्यांचं, पोरीच्या नोकरीचं बोलायची. 'तुम्ही' काही सुटलं नाही. वाळूजला ये, नुसती बघून जा, असं बानाबाई प्रत्येक खेपेला म्हणायची, आणि गीताबाई प्रत्येक खेपेला "बघू" म्हणायची. अशाच एका खेपेला दाराला कुलूप दिसलं. शेजारणीनं सांगितलं, पोरीची बदली झाली, परवाच सगळी पुण्याला गेली.

"माझ्यासाठी काही सांगून गेली का?"

"नाय बा. तुम्ही कोण त्यांच्या?"

बानाबाई पायरीवर बसली. उन्हं कलल्यावर शेजारणीनंच रिक्षा आणून दिली.

त्या साली दसऱ्याला वाळूजच्या कारखान्यात पूजा झाली. कामगार, व्यापारी, पाहुणे जमले. मुंजाबानं माईक घेऊन सांगितलं की हे सारं माझ्या आईच्या दोन हातांनी उभं केलं. टाळ्या पडल्या. बानाबाई खुर्चीतून उठली.

"हे खोटं हाय," ती म्हणाली. माईक नव्हता, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं. "येसर गीताचा हाय. मी नुसती कांडत व्हते. तिला मी दारातून परत लावलं, तिचा बाप जळाला त्या दिवशी."

मग मुंजाबा खाली आला, आईच्या खांद्याला धरून त्यानं तिला बसवलं, आणि पाहुण्यांकडं वळून हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा गेल्यापासून असं होतंय तिला. काहीबाही बोलती." पाहुण्यांनी माना हलवल्या. एका बाईनं पाण्याचा पेला पुढं केला.

"मुंजाबा, मला समदं आठवतंय," बानाबाई म्हणाली.

"व्हय आई," तो म्हणाला, आणि पेढ्यांचं ताट फिरवायला सांगितलं.