चेंडूकडे न बघणारे चाचा

समस्त कुवेतवासी मराठी मंडळी, त्यांचे पाहुणे, आणि निवडीच्या संध्याकाळी घरी परतल्यावरही माझा आवाज ज्यांना भिंतीपलीकडे ऐकू गेला ते फिंतासमधले आमचे सर्व शेजारी, यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या माणसाने माझ्या नवऱ्याची बरगडी मोडली, त्याच माणसाची माझ्या नवऱ्याच्या रक्षणासाठी रीतसर नेमणूक करण्यात आली. ही नेमणूक करणारा इसम आमचा शत्रू नव्हता. दर शुक्रवारी आमच्या घरी जेवून, वर सोलकढी मागून पिणारा आमचा हितचिंतक होता. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

चाचांची पहिली गोष्ट डोळ्यांत भरायची ती ही की, ते सामन्याला येत आणि चेंडूकडे बघतच नसत. आजूबाजूला माणसं उड्या मारताहेत, शिट्ट्या वाजताहेत, कुणीतरी चेंडू घेऊन वाऱ्यासारखं पळतंय, आणि चाचा आपले भलतीकडेच टक लावून बसलेले. कडक इस्त्रीचा पांढरा सफारी, सोनेरी काड्यांचा चष्मा, अत्तराचा घमघमाट. सगळा गलका संपला की शेजारच्याला विचारायचे, "काय झाला? आपला झाला की त्यांचा?" मला सुरुवातीला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसावं. नंतर कळलं की ते पाच माणसांच्या पायांकडे बघत असत. संपूर्ण सामना. फक्त पाय.

खेळ कुठला ते सांगते. अमेरिकन फुटबॉल. पायानं खेळतात तो नव्हे; डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर उशा बांधून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं असतं तो. इथे कुवेतमध्ये त्याची एक लीग आहे आणि ती स्वतःला व्यावसायिक म्हणवते. म्हणजे प्रत्येक सामन्याला खेळाडूला पेट्रोल मिळतं आणि एक बिर्याणी मिळते. माझा नवरा सुधीर, वय त्रेचाळीस, बँकेत संगणक सांभाळणारा, चष्मेवाला सुधीर, हा आमच्या संघातला चेंडू फेकणारा. त्यानं मागे उभं राहून लांब चेंडू फेकायचा, आणि तो फेकेपर्यंत पुढच्या पाच माणसांनी समोरच्या राक्षसांना थोपवायचं. छातीनं, तळव्यांनी ढकलायचं. पण धरायचं नाही. कपडा धरला, हात धरला, की शिक्षा. या पाचांना म्हणतात पुढची फळी. यांच्या नावानं कुणी टाळी वाजवत नाही, यांचे फोटो कुणी काढत नाही, यांच्या बायकासुद्धा सामन्याला येत नाहीत.

आमची फळी त्या मोसमात पार मोडकळीला आली होती. एक कॅनडाला गेला, एकाचं पित्ताशय काढलं, एकाची बदली झाली, आणि उरलेले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. ती फळी नव्हतीच, दाराला लावलेला मण्यांचा पडदा होता. येणाऱ्यानं हातानं बाजूला करायचा आणि आत शिरायचं. शेवटच्या सामन्यात समोरच्या संघातला रिफत नावाचा इजिप्शियन असाच आत शिरला. दारात उभा राहिला तर खोलीत अंधार होईल असा माणूस. सुधीर खाली, रिफत वर, आणि एक आवाज आला. तो आवाज मी बाकावर बसून ऐकला, आणि आजही कुणी घरात चकली मोडली की मी दचकते.

इस्पितळात मी रडत होते आणि आमची कन्या फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ रिब." मी त्याच दिवशी जाहीर केलं: पुढच्या मोसमात हा माणूस एकदा जरी पाठीवर पडला, तर हेल्मेट कचऱ्याच्या डब्यात आणि विषय बंद. सुधीर भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. रात्री औषध घेताना एवढंच म्हणाला, "आठवड्यातले तेवढेच दोन तास असतात गं, जेव्हा मला कुणी 'सर्व्हर बंद पडलाय' म्हणून फोन करत नाही." हे ऐकून मला जे वाटलं ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. धमकी मागे घ्यायची नसते; घेतली तर संसार चालत नाही.

संघाचे व्यवस्थापक चाचा. दापोलीकडच्या एका बंदरगावातले. बनेद अल-गारला त्यांची तिकिटांची एजन्सी होती, आणि कुवेतमधल्या निम्म्या कोकणाला त्यांनीच विमानात बसवलेलं होतं. एका अमेरिकन गिऱ्हाइकाच्या नादानं त्यांना हा खेळ लागला. स्वतः कधी खेळले नाहीत. धावले तर त्याहून नाहीत. गुडघे दोन्ही कुरकुरणारे. पण रुबाब असा की जणू खेळ त्यांच्याच आजोळी जन्माला आला. इस्पितळात सुधीरच्या उशाशी खजूर ठेवून मला म्हणाले, "वैनी, फेकणारा बाजारात कुठेपण मिळतो. उभा राहणारा मिळत नाय. मना एक मोसम द्या."

तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. आमच्या मैदानावर हिरवळ खोटी असते आणि तिच्यात काळ्या रबराचे बारीक कण पसरलेले असतात. खेळाडू पाठीवर आपटला की ते कण शर्टात शिरतात आणि धुताना सगळे मशीनच्या तळाशी जमतात. मोहरी सांडल्यासारखे. बरगडी जुळल्यावर दर सरावानंतर दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "वैनी, मशीनमध्ये काय निघाला?" मी म्हणायची, "वाटीभर निघाला." पलीकडून मोठा सुस्कारा. मग फोन बंद.

नव्या मोसमाआधी निवड असते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्या वर्षी मोकळे असलेले सगळे खेळाडू एका बाजूला, आणि संघांनी पाळीपाळीनं एकेक उचलायचा. शेवटून पहिला आलेल्या संघाला पहिला मान. आम्ही शेवटून पहिलेच होतो, हे सांगायला नकोच. बनेद अल-गारच्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये सगळे जमले. त्या वर्षी एक लेबनीज तरुण आला होता, हरणासारखा पळणारा, आणि दिसायला तर काय सांगू, मी मुद्दाम चष्मा पुसून घेतला. सगळ्यांना माहीत होतं की चाचा त्यालाच घेणार. चाचा उठले, चष्मा सावरला आणि एका पंजाबी ट्रक ड्रायव्हरचं नाव घेतलं.

हॉलमध्ये कुणाचा तरी चमचा खाली पडला. आमच्याच संघातला एकजण म्हणाला, "चाचा, आप गलत नाम पढ़े!" चाचा म्हणाले, "पढ़ा नहीं, बोला." दुसऱ्या फेरीत त्यांनी भूगोल शिकवणारा एक सुदानी मास्तर घेतला. तिसऱ्या फेरीत आणखी एक अगडबंब. तोवर शेजारच्या टेबलावर हसणं सुरू झालं होतं आणि सुधीर पाण्याच्या ग्लासात बघत बसला होता. पुढच्या फेरीत चाचांनी मोठ्या झोकात चौथा माणूस जाहीर केला. रिफत. त्याचा जुना संघ बंद पडला होता, म्हणून तो पुन्हा निवडीला आला होता. तो कोपऱ्यातून उठला आणि हॉलमध्ये अंधार झाला.

मी खुर्चीवरून उठले ते मला आठवत नाही. आवाज माझाच होता. "चाचा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? हा याची बरगडी मोडणार आणि हाच याला राखणार?" सगळा हॉल माझ्याकडे वळला, ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांनाही अर्थ कळला. चाचांनी मला खाली बसण्याची खूण केली आणि शांतपणे म्हणाले, "वैनी, शुक्रवारी मासळीबाजारात चला. पापलेट चांगला आलाय."

पापलेटसाठी मी गेले, चाचांसाठी नव्हे. शर्कच्या मासळीबाजारात लिलावाच्या वेळी टोपल्यांभोवती जी गर्दी होते तिच्यात माणसाचं माणूसपण उरत नाही. व्यापारी, हॉटेलवाले, घरची माणसं, सगळ्यांना पुढे यायचं असतं. बघते तर झुबैदीच्या, म्हणजे आपल्या पापलेटच्या, टोपलीसमोर रिफत उभा. दोन्ही मुठी छातीशी, कोपरं अंगाला चिकटलेली, गुडघे किंचित वाकलेले. चाचा मला घेऊन लांब चहावाल्यापाशी थांबले.

"मी त्याला सांगितलाय, माझी जागा राख. कुणाला पुढे जाऊ द्यायचा नाय, आणि कुणाला हात लावायचा नाय."

मग चाचांकडूनच मला सगळं कळलं. निवडीच्या आधी चाचांनी एकेका उमेदवाराला असंच इथे आणून उभं केलं होतं. व्यायामशाळेतला एक पीळदार गडी पहिल्याच धक्क्यात चिडला आणि धक्काबुक्कीवर आला, बाद. एकानं पुढे जाणाऱ्याची बाही धरली, बाद. तिसऱ्याला तर एका कुवेती आजीबाईंनी नुसत्या कोपरानं कोळंबीपर्यंत मागे सारलं. बादच. जे टिकले, तेच चाचांनी उचलले. लेबनीज हरीण बाजारात आलंच नाही; त्याला माशांचा वास सहन होत नव्हता.

रिफत मात्र नाचत होता. खोटं नाही सांगत. कुणी डावीकडून आला की त्याचे पाय डावीकडे, कुणी उजवीकडून घुसला की उजवीकडे, आणि तोंडानं अरबीत सारखं "माफ करा, हज्जी, माफ करा". कुणाला लागत नव्हतं आणि कुणी पुढेही जात नव्हतं. मी जवळ गेले. त्यानं मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. "भाभी, सॉरी," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. एक व्यापारी घुसला, हा सरकला. "बहुत सॉरी." दुसरा घुसला, हा पुन्हा सरकला. "मैं सोया नहीं उस रात." माफी मागण्यासाठी त्याला हात जोडायचे होते, पण जागा राखायची होती, म्हणून मुठी छातीशीच राहिल्या. मी सात जन्मांचा राग घेऊन आले होते. तो राग तिथेच बर्फात पडला, माशांच्या शेजारी.

परतताना चाचा गाडीत म्हणाले, "आपल्या भिंतीला भोक कुठे होता, ते आपल्यात कुणालाच ठावूक नाय, वैनी. त्याला ठावूक हाय. तोच आत आलेला."

पाचवा गडी जुन्यांपैकीच, तोही बाजारातून पास होऊन आलेला. मोसमाच्या पहिल्या सामन्याला मी पदर तोंडात धरून बसले. चेंडू कुठे गेला, कुणी पकडला, मला विचारू नका. मी पाय बघत होते. पाच जोड्या, कोळणीनं टोपलीभोवती फेर धरावा तशा सरकत होत्या, आणि त्यांच्यामागे माझा चष्मेवाला नवरा असा निवांत उभा होता जणू बँकेच्या बाल्कनीत चहा पितोय. चाचांनी कोपरानं मला ढोसलं. "आता बघायला शिकलात."

आम्ही अजिंक्य वगैरे झालो नाही. उपांत्य सामन्यात हरलो, कारण चेंडू पकडणारे आमच्याकडे कुणी धड नव्हते; सगळ्या पाळ्या चाचांनी फळीवर घालवल्या होत्या. लेबनीज हरणानं चषक नेला. लोक चाचांना आजही त्यावरून हसतात. पण त्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी फोन आला, "वैनी, मशीनमध्ये काय निघाला?" आणि मी म्हटलं, "एक नाणं आणि एक बटण." चाचांनी मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. हेल्मेट अजून आमच्या शू-रॅकवर आहे. पाहुण्यांना मी तो फ्लॉवरपॉट आहे असं सांगते.

या उन्हाळ्यात चाचांनी एजन्सी विकली. गुडघे पार गेले होते, आणि गावाकडे मुलानं घर बांधून वरचेवर तगादा लावला होता. इतक्यांना तिकीट काढून देणाऱ्या माणसानं स्वतःचं एकेरी तिकीट काढलं, हे ऐकून मला आणखी एक धक्का बसला; ते कधी जातील असं मनातच आलं नव्हतं.

विमानतळावर सुट्टीची झुंबड. दोरीनं आवळलेली खोकी, ट्रॉल्यांची टक्कर, रडणारी पोरं. आणि अचानक समोर आमची फळी! पाचही जण सामन्याच्या शर्टात. चाचांच्या ट्रॉलीभोवती उभे राहिले, मुठी छातीशी घेतल्या आणि सरकू लागले. "माफ करा, हज्जी. सॉरी, भाई." अख्खा विमानतळ आ वासून बघत होता. कुणाला बोट लागलं नाही, आणि चाचा दुल्ह्यासारखे थेट काउंटरपर्यंत पोचले.

पुढे फक्त प्रवाशांना सोडतात त्या दारापाशी ते थांबले. सुधीरला त्यांनी पाठीवर थोपटलं, बरगडी जपून. मला म्हणाले, "मशीन बघत जावा, वैनी." मग फळीसमोर उभे राहिले. पाचही जण शिकवल्याप्रमाणे तसेच ताठ, कोपरं अंगाला, मुठी छातीशी. रिफतचे डोळे वाहत होते, पण ते पुसायलाही मूठ काही सुटली नाही. चाचांनी दोन्ही हात पसरले. पाचांना वाटलं, ही काहीतरी खूण आहे. ते आणखी खांद्याला खांदा लावून जवळजवळ सरकले आणि पुन्हा ताठ झाले. चाचांचे हात तसेच हवेत. ज्या माणसानं मैदानावर कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या भर गर्दीत, पाचांपैकी एकालाही कळत नसलेल्या आपल्या गावच्या बोलीत ओरडला:

"अरे गधड्यांनो, आता तरी धरा की मना!"