उजवा हात

सोलापुरात थंडी नसते म्हणणाऱ्याने भोंग्याआधी फटफटीवरून गिरणीत जाऊन दाखवावं. बोटं गारठायची, म्हणून आमच्या पेठेत टांग्यांचे साज शिवणाऱ्या चाचांना मी हँडलच्या दोन्ही मुठींवर घोंगडीच्या खोळी शिवायला सांगितल्या. उजाडायच्या आत दुकान उघडून बसणारा आणि रस्त्याने कुणीही जावो, दाभण खाली ठेवून सलाम करणारा हा माणूस. खोळ त्यांनी शिवली सुरेख, पण एकच, डावी.

"अन् उजवी?"

"उजवा हात झाकला तर सलाम कसा करणार, साहेब? लोक म्हणतील, फटफटी आली अन् लई माज आला."

मी चिडलोच. दुसऱ्या सकाळी त्यांच्या दुकानावरून मुद्दाम समोर बघत निघालो. चाचांनी उठून सलाम केला, आणि माझा गारठलेला उजवा हात आपोआप वर गेला.

"बघा," ते मागून ओरडले, "लागला की उजवा हात!"