कमी करायचं नाव

साक्रीहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. म्हातारी, कोऱ्या कपाळाची. मी वहीत माझ्या प्रबंधातलं एक अरेषीय आंशिक विकलक समीकरण सोडवत होतो. उत्तर हाताशी आलं होतं, पण बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना अडकलेलं. एकटं बाहेर निघत नव्हतं. अशा उत्तराला आम्ही अव्यक्त फलन म्हणतो.

तिने पदराखालून रेशनकार्ड आणि नाव कमी करायचा एक अर्ज काढला. "भाऊ, एवढा भरी दे."

"कुणाचं नाव कमी करायचं?"

"हिराना बापनं."

"अहो अक्का, पण नाव काय?" मी जरा वैतागलोच.

"मना देरना मोठा भाऊ."

दिराचा मोठा भाऊ म्हणजे नवरा; त्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. तिने कार्डावरच्या पहिल्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. मग माझ्या वहीकडे पाहून म्हणाली, "हाई काय शे?"

"उत्तर आहे, अक्का. वेगळं निघत नाही."

"मंग ऱ्हाऊ दे त्यामाच. त्यामा शे ना?"

होतं, त्यातच होतं. मी मान हलवली. मग अर्जात ते नाव लिहिलं, एकटं, स्वच्छ अक्षरात. उत्तर वेगळं काढल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.