दुधातली अश्वगंधा

अश्वगंधेच्या पावडरीचा वास कसा असतो ते मला विचारा. ओलं घोंगडं उन्हात टाकल्यावर सुटतो तसा. नवरा गावाकडं असला की रोज सकाळी तो वास आमच्या स्वयंपाकघरात भरतो आणि रोज सकाळी माझं डोकं फिरतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पातेल्यात दूध ऊन करतात, त्यात चमचाभर पावडर, वर तूप, साखर. मग पेला घेऊन ओसरीत जातात आणि नवऱ्याच्या घशाखाली शेवटचा घोट उतरेपर्यंत जागच्या हलत नाहीत. चाळिशीला टेकलेला बाप्या नाक दाबून दूध पितोय आणि आई समोर उभी, हे बघून हसावं का रडावं ते कळत नाही.

आमचं सासर विट्याजवळ. इथल्या घराघरातले पुरुष गलाईच्या धंद्यात, कुठल्या कुठल्या शहरांत पांगलेले. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात घालायचं आणि शुद्ध करून सराफाला परत द्यायचं. आमचं दुकान तिकडं तमिळनाडूत आहे. नवरा आणि धाकटे दीर मिळून ते चालवतात. दिवसभर भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ. एक जण महिनाभर गावाकडं आला की दुसऱ्यानं तिकडं थांबायचं, तो परत गेला की याची पाळी. मी आणि जाऊ, आम्ही दोघी गावाकडंच.

लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. मला मूल हवंय. हे मी आडून सांगत नाही, मला हवंय आणि माझं वय चाललंय. त्यामुळं माझ्या होत्या नव्हत्या तेवढ्या तपासण्या झाल्या. सोनोग्राफी झाली, रक्त तर किती वेळा काढलं याची गणतीच नाही. नळ्या मोकळ्या आहेत का ते बघताना मी टेबलाची कड धरून ओरडले होते. सांगलीच्या डॉक्टरीणबाई दर वेळी तेच सांगायच्या, "तुमचं सगळं व्यवस्थित आहे. आता मिस्टरांना घेऊन या. त्यांची साधी तपासणी आहे, सुईसुद्धा टोचायची नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं की आत्या फिसकारायच्या. "त्याला कशाला? गडीमाणूस हाय, चांगला धडधाकट हाय."

"धडधाकट आहेत तर मग पावडर कशाला?" मी एकदा विचारलंच.

"ताकदीला," आत्या म्हणाल्या आणि दूध ढवळायला लागल्या.

आता यावर काय बोलणार, कपाळ? म्हणजे तपासायची गरज नाही, पण औषधाची आहे! मला हळूहळू कळत गेलं. पावडर घेतली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि नक्की काय बिघडलंय ते कुणाला विचारावं लागत नाही. घरातल्या सगळ्यांना हे कळत होतं आणि सगळे मिळून झाकत होते.

बरं, एकट्या आत्या असत्या तर निभावलं असतं. चुलत सासरे आले की पुडी घेऊन यायचे. मामेसासरे यायचे ते कुठल्या तरी वैद्याची "पेशल" बाटली पिशवीत घालून. तिकडं दुकानात नवऱ्याच्या फोनवरच्या व्हिडिओत एक पिळदार दंडाचा गडी सारखा बोंबलत असायचा, टेस्टोस्टेरॉन वाढवा, मर्दानी जोश वाढवा. नवरा माझं नाव चारचौघांत घेत नाही, पण टेस्टोस्टेरॉन हा शब्द त्याला लय सफाईनं म्हणता यायला लागला होता. त्यानं अश्वगंधेच्या कॅप्सूलही मागवल्या होत्या. कहर म्हणजे माझा स्वतःचा बाप. माझं माहेर कवठे महांकाळकडचं, पाणी कमी. तिथं भावकीतल्या एकानं हौसेनं अश्वगंधा लावली होती. वडील एक दिवस अख्खी पिशवीभर मुळं घेऊन दारात उभे. "जावायबापूंसाठी हायत. घरची हायत, भेसळ न्हाई." त्या दिवशी मी मागच्या दारी जाऊन भांडी अशी काही आपटली की शेजारीण विचारायला आली.

शेवटी एकदा मी हट्टच धरला आणि नवरा सांगलीला यायला तयार झाला. लॅबमध्ये शिरलो तर काउंटरवर मध्यमवयाचा एक गृहस्थ, हसतमुख. त्यानं मान वर करून सवयीनं विचारलं, "या पाव्हणं. कुठलं गाव?"

झालं! आपल्याकडं हा प्रश्न राम राम म्हणावं तसा विचारतात. त्याला उत्तर द्यायलाच लागतं, आणि उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला. नवऱ्यानं गावाचं नाव सांगितलं. काउंटरवरचा गृहस्थ खूश. "आरं वा! मग तुमी आमच्या दाजींच्या शेजारचंच की. गलाईवालं न्हवं? तुमच्या चुलत्याला मी चांगला वळखतो." मी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. घाम फुटलेला. भट्टीसमोर दिवस काढणारा माणूस, आणि पंख्याखाली घामानं डबडबलेला.

"बोला, कुणाची तपासणी हाय?"

नवऱ्यानं बोट केलं. माझ्याकडं. "हिची हाय. थायरॉइड."

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथं तोंड उघडावं आणि सगळं बाहेर काढावं. पण चार लोक बसले होते, आणि चार लोकांत नवऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. मी आत गेले. दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, रक्त दिलं. ज्या थायरॉइडची तपासणी आधीच झाली होती, ती पुन्हा झाली. बाहेर आले तर नवरा भडंगाचं पाकीट घेऊन गाडीपाशी उभा. "खातीस?" म्हणाला.

मी त्या पाकिटाकडं बघितलं आणि माझा तोल सुटला. रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत मी ओरडले. "आवं, तुमी सराफाच्या तरी शब्दावर इस्वास ठेवताय का? सोनं चोख हाय म्हणून कुणी देव्हाऱ्यावर हात ठेवून सांगितलं तरी तुकडा तोडून आगीत घालताच न्हवं? मग सवताला तपासायला काय धाड भरलीया? माझी नळी न् नळी बघून झाली. तुमचं काय सोन्यापेक्षा म्हाग हाय?"

नवऱ्यानं पाकीट मागच्या सीटवर टाकलं. भडंग तसंच गाडीत पडून राहिलं. घरी पोचेपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते, आणि खरं सांगायचं तर दुःखापेक्षा चिडच जास्त होती. माणूस वाईट असता तर बरं, भांडता तरी आलं असतं. हा आपला भिऊन बसलेला.

दोन-तीन दिवस अबोला चालला. मग एका सकाळी तो म्हणाला, "साताऱ्याला जाऊ. तिथं कोण वळखत न्हाई." आत्यांना सांगितलं, साताऱ्याला एका सराफाकडं काम आहे. मी तेही ऐकून घेतलं. म्हटलं, बाबा, तू चंद्रावर चल, पण तपास.

साताऱ्यात खरंच कुणी गाव विचारलं नाही. तपासणी झाली आणि दुसऱ्या फेरीला डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. शांत माणूस, उगाच घाबरवणारा नव्हता. म्हणाले, शुक्राणू बरेच कमी आहेत, हालचालही मंद आहे. मग कामधंदा विचारला. भट्टी म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "उष्णतेनं आणि वाफेनं असं होऊ शकतं. तेच कारण आहे असं मी छातीठोक सांगत नाही. पण तीन महिने भट्टीपासून लांब राहा, मग पुन्हा तपासू. फरक पडण्याची चांगली आशा आहे."

आशा! हा शब्द सात वर्षांत मला पहिल्यांदा कुणी तरी दिला. माझे डोळे भरून आले. आणि शेजारून नवऱ्याचा आवाज आला, "डॉक्टर, अश्वगंधा चालू ठेवू काय?"

मला त्याच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "काय काय घेताय ते सगळं मला आणून दाखवा. चांगली मुळी असेल तर घेणाऱ्याला मी लगेच नको म्हणत नाही. पण भट्टीसमोर उभं राहून पावडर घेतली तर ती बिचारी काय करणार?"

परतताना मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. दीर तिकडं दुकानात आहेतच. त्यांनी तीन महिने थांबायचं, यांनी गावाकडं राहायचं. अडचण कुठं आहे? काही नाही. घरात पाऊल ठेवलं तर आत्यांनी विचारलं, काम झालं का. नवरा "व्हय" म्हणाला आणि आत जाऊन बॅगेपाशी बसला. उद्याचं तिकीट आधीच काढलेलं होतं.

मला आधी वाटलं, बॅगेतलं काही बाहेर काढतोय. जवळ गेले तर घड्या घालून कपडे आत ठेवत होता. शेजारी आत्यांनी नवा डबा भरून ठेवला होता, अश्वगंधेचा, तिकडं न्यायला.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"ऐकलं की मी."

"मग?"

"मग धाकट्याला काय सांगू? तीन म्हयने तू एकटाच थांब म्हणून? कशाला, म्हणून विचारंल की तो. त्याला काय सांगायचं?"

एवढंच! दुकानाची अडचण नाही, पैशाची नाही. सख्ख्या धाकट्या भावाला एक वाक्य सांगायचं, ते याच्या तोंडून निघत नव्हतं. त्यासाठी तो परत भट्टीत जाऊन उभा राहायला तयार होता. माझं मूल त्या एका वाक्यापाशी अडलं होतं. मला राग मुळीच आवरला नाही, आणि आवरायचाही नव्हता.

मी त्याचा फोन उचलला, दिरांना लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. आत्या दारात आल्या. जाऊ परातीत कणीक मळत होती, तिनं मान वर केली. ही पोर घरात येऊन दोनच वर्षं झालेली, घरात कधी मोठ्यानं बोलली नव्हती. गेल्या वर्षापासून आत्यांनी तिच्यामागंही व्रतं आणि उपास लावून दिले होते. सोमवारी ती पिवळी पडून वावरायची, ते बघून मला माझी पहिली वर्षं आठवायची.

"बोला वयनी," दीर तिकडून म्हणाले. मागं भट्टीचा आवाज येत होता.

"भावजी, तुमच्या भावाची तपासणी केली. दोष त्यांच्यात हाय. डॉक्टर म्हणत्यात भट्टीनं झालं असंल. तीन म्हयने त्यांनी तिकडं यायचं न्हाई. तुमास्नी थांबावं लागंल."

"आगं ए!" आत्या किंचाळल्या. "तोंडाला काय लगाम हाय का न्हाई?"

नवरा बॅगेवर हात ठेवून खाली बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची दया आली, हेही खरं. पण फोन मी खाली ठेवला नाही.

तिकडचा भट्टीचा आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, फोन कट झाला. मग दुकानाबाहेर येऊन दीर बोलले, अगदी बारीक आवाजात. "वयनी, दादा ज्या कॅप्सूल घेतो, त्या मी बी घेतोय. वरीस झालं. कुणाला बोललो न्हाई. मी बी तपासून घिऊ काय?"

आत्या दाराची चौकट धरून तिथंच खाली बसल्या. नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि फोनकडं असं बघितलं की जणू आतून भाऊच बाहेर येणार आहे.

"घ्या की," मी म्हणाले. "पण हे मला काय सांगताय? तुमची बायको हितंच हाय."

जाऊ उठली होती. कणकेनं भरलेल्या हातानंच तिनं माझ्याकडून फोन घेतला. आणि मग त्या घरात मी तिचा मोठा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"वरीस झालं कॅप्सूल खाताय? आन मला हितं सोळा सोमवार करायला लावलंसा व्हय?"