चार बोटांची फट

बँकॉकमधल्या हॉटेलची लॉबी मी आखली, तेव्हा काच आणि काँक्रीटच्या मधोमध एक जुना लाकडी खांब उभा केला. मोडीत निघालेल्या थाई घरातून आणलेला तो खांब होता. छत त्याच्यावर टेकवलं नाही, वर चार बोटं फट ठेवली. त्या फटीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

वर्षभराने गेले, तर खांबाला रेशमी लुंगी नेसवलेली. पायाशी झेंडूचा हार, कंगवा, पावडरचा डबा. लाकडातून तेल पाझरत होतं.

"राळ असेल," मी म्हटलं.

फरशी पुसणाऱ्या मावशी थांबल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे घर उभारताना एक खांब बाईचा मानतात आणि त्याला नेसवतात. हा तोच असावा.

"इतकी वर्षं तिने घर पेललं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला नुसतं उभं केलंत. काम दिलं नाहीत."

मी हात लावून पाहिला. त्या गारठलेल्या लॉबीत लाकूड मात्र कोमट होतं, राबून आलेल्या माणसाच्या पाठीसारखं. बोटांचा तेलकट वास तीनदा साबण लावूनही गेला नाही.

आता पुण्यात नकाशावर खांब काढताना मी रेघ छतापर्यंत नेते, नीट टेकवते. तिकडे ती अजून उभी असेल, डोक्यावर चार बोटं हवा घेऊन.