क्रिएटिनिन नॉर्मल होतं, तरीही

"मूत्रपिंडांइतकीच मला तुमच्या हृदयाची काळजी वाटते," कुडाळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघत सांगितलं आणि मी खुर्चीतच चुळबुळ करायला लागलो. आलो होतो पाय सुजतात म्हणून. हृदय मध्येच कुठून आलं?

मी जामसंड्याचा निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटकुळा, रक्तदाब जुना. मूत्रपिंडं रक्त नीट गाळतात का, हे कळावं म्हणून दरवर्षी क्रिएटिनिन तपासायचो. दरवर्षी नॉर्मल. तो कागद मी शेजाऱ्यांना दाखवत मिरवायचोसुद्धा.

"क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तुमच्या अंगावर मांसच नाही, मग ते वाढणार कुठून?" असं म्हणून डॉक्टरांनी आधीच्या खेपेला सिस्टॅटिन सी ही तपासणी लिहून दिली होती. हे प्रथिन शरीरातल्या सगळ्याच पेशी तयार करतात, त्यामुळे हडकुळ्या माणसाची लबाडी तिथे फारशी चालत नाही.

नमुना मुंबईला गेला. चार दिवस मी ओटीवर येरझारा घातल्या. पेपरातली एकच बातमी तीनतीनदा वाचली. भीती माझ्या मरणाची नव्हती. बायकोला, सुमतीला, मधुमेह आहे आणि नजर पार अधू. तिला रोजचं इन्सुलिन मीच देतो. मी आडवा झालो तर तिचं काय, हा किडा डोक्यातून जाईना.

आणि आकडा वाढलेलाच निघाला, म्हणजे मूत्रपिंडं रक्त नीट गाळत नव्हती. या वयात मूत्रपिंडं थकली की हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मग विचारलं, "मीठ कमी केलंत ना?"

"केव्हाच बंद," मी छातीठोकपणे म्हणालो.

शेजारी बसलेल्या सुमतीला राहवेना. "वरसून मीठ घेनत नाय हां, पण खारो बांगडो रोज पेजेवांगडा व्हयोच!"

देवाशपथ सांगतो, मी खोटं बोलत नव्हतो. मीठ म्हणजे बरणीतलं. पेजेबरोबर खायचा खारवलेला बांगडा हा मासा, अशीच माझी समजूत होती. जन्मभर विज्ञान शिकवलं मी! डॉक्टर हसले नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

औषधं बदलली, बांगडा सुटला, पायांची सूज उतरली. तुमच्या घरात असं बारीक, वयस्क, रक्तदाबाचं माणूस असेल तर नुसत्या नॉर्मल कागदावर विसंबू नका, डॉक्टरांना एकदा विचारा. धोका गेलेला नाही. पण आता मी नुसता येरझारा घालत बसत नाही.

सुमतीला मी इन्सुलिनचं पेन हाताळायला शिकवलं. डोळ्यांनी डोसचा आकडा दिसत नाही, पण पेनामागचं बटण फिरवताना होणारी टिकटिक कानांनी मोजता येते. आठवडाभर ती मोजताना चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची. परवा सकाळी मी फक्त बाजूला बसलो आणि तिने न चुकता टिकटिक मोजून स्वतःच सुई टोचली.

"झाला! आता तुमी मराक मोकळे," ती म्हणाली.

म्हणाली खरी, पण माझा हात काही सोडेना.