अकोल्याची तोंडी परीक्षा

ताई शुक्रवारी गेली. माझी इंग्रजीची परीक्षा सोमवारी होती.

आम्ही चांदूर रेल्वेला राहत होतो. ताई अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकायची आणि सुटीत घरी आली की मला इंग्रजी शिकवायची. माझी सातवी मराठीतून झालेली. इंग्रजीची ही प्रवेशपरीक्षा पास झाले, तरच ताईच्या शाळेत आठवीला घेणार होते. केंद्र अकोल्याला होतं. त्या सुटीत ताईला मुदतीचा ताप भरला. तो उतरला नाही.

रविवारी संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. बाबांनी आईला माझी भाकर बांधायला सांगितली. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, भिंतीला टेकून बसली होती.

"काहून बापू, कुठं धाडून राहिला पोरीले?"

"अकोल्याले. परीक्षा हाय तिची."

"थोरलीवरची माती वाळली नाई अजून."

"दीक्षा घेतली तवाच ठरलं बाई, सुतक पाळाचं नाई."

"नको पाळू सुतक. पण रडाचीबी बंदी हाय काय तुह्या धर्मात?"

"रडू दे न. गाडीत रडन."

एरवी कोणीतरी हसलं असतं. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याला दोन वर्षं झाली होती आणि त्यानंतरचा आमच्या घरातला हा पहिलाच मृत्यू. जुनं सोडलं होतं. त्याच्या जागी काय करायचं ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. दहा दिवस घरात बसून राहायचं, कोणी कुठं जा म्हणायचं नाही, ही एक सोय होती. ते मला फार उशिरा कळलं.

आईनं भाकर बांधली.

गाडीत मी रडले नाही. बडनेऱ्याला गाडी बराच वेळ उभी होती. बाबांनी मला चहा घेऊन दिला, स्वतः घेतला नाही.

लेखी पेपर कसा गेला ते आठवत नाही. तोंडी एका म्हाताऱ्या मास्तरांनी घेतली. ताईनं आजारी पडेपर्यंत माझ्याकडून घरच्या माणसांची वाक्यं घोकून घेतली होती, आधी वडील, मग आई, मग बहीण, त्याच क्रमानं. मास्तरांनी तेच विचारलं, घरी कोण कोण आहे. मी बाबांचं सांगितलं, आईचं सांगितलं आणि मला थांबता आलं नाही. मला एक बहीण आहे. ती अमरावतीला शिकते. ती मला इंग्रजी शिकवते.

"छान शिकवलंय," मास्तर मराठीत म्हणाले. "सांग तिला."

मी मान डोलावली.

बाबा बाहेर निंबाखाली उभे होते.

"काय इचारलं?"

"घरचंच."

त्यांनी पुढं विचारलं नाही. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसून झोपले, किंवा डोळे मिटून बसले.

मी पास झाले. वसतिगृहाच्या बाईंनी मला बरं वाटेल म्हणून ताईचीच खोली दिली. मॅट्रिक होईपर्यंत मी तिथंच राहिले. पुढं मीही इंग्रजीच शिकवलं. दर वर्षी मुलींची तोंडी परीक्षा घ्यावी लागे. त्यांना मी शाळेबद्दल विचारत असे, बाजाराबद्दल विचारत असे, घरच्यांबद्दल विचारत नसे.

आत्या गेली, मग बाबा, शेवटी आई. ताईला पाहिलेली घरात आता मी एकटीच उरले आहे.